एकटी ब्याडगी

मिरची कुटायच्या डंकावर पोतं उतरलं की इंदूअक्का आधी कुणाशी बोलायची नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायची आणि तळातली एक मिरची वर काढायची. वरची कधीच नाही. "वरची मिरची लग्नाला आल्यागत नटून बसलेली असती. घरची खबर तळातलीला इचारायची," असं तिचं म्हणणं. मग ती मिरची कटकन मोडायची, दोन्ही तुकडे नाकाखाली धरायची, डोळे मिटायची आणि असा खोल श्वास घ्यायची की बघणाऱ्यालाच ठसका लागावा. तिला लागायचा नाही. डोळे उघडले की निकाल. "आण" म्हणाली तर रांगेत उभं राहायचं. "घरी ने" म्हणाली तर वाद घालून उपयोग नसे.

माझा पहिला निकाल "घरी ने" हाच होता. लग्न होऊन मी सांगलीहून हुबळीला आले, त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे वर्षाची चटणी कुटून आणायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या भागात लाल तिखटाला चटणीच म्हणतात. मी रीतसर यादी केली होती: रंगाला ब्याडगी, तिखटपणाला लवंगी, धणे, जाडं मीठ, झाकणाचे डबे, गाळायला फडकं. यादीतलं सगळं बरोबर होतं. अक्काने माझी मिरची मोडली, हुंगली आणि तुकडे माझ्या तळहातावर परत ठेवले.

"घरी ने."

"अहो, कालच आणलीय बाजारातून. दुकानदार म्हणाला, कडक वाळलेली आहे."

"दुकानदार तुझा मामा लागतो काय? पाणी मारून वजन वाढवलंय त्यानं. आत बघ." बियांच्या भोवती राखाडी, मऊ लव धरली होती. "ही बुरशी. हिला तोंड नसतं बघ, नुसतं पोट असतं. माझ्या डंकात एकदा शिरली की तुझ्यामागं उभ्या हायत त्या सगळ्यांच्या बरणीत जाती. ही निवडून टाक, उरलेलीला ऊन दे. कुटून घ्यायचं तर वाळवून आणायचं, बाई."

"तुम्ही म्हणता तर..."

"तुम्ही कुणाला गं? मी काय मामलेदार हाय? अक्का म्हण, आणि तू म्हण."

रांगेतल्या बायका हसल्या. मी चिडून घरी गेले, मिरची निवडली, गच्चीवर घातली आणि परत आले. तिने पुन्हा तळात हात घातला, पुन्हा हुंगलं आणि म्हणाली, "आण." तेव्हापासून आमची ओळख. डंक माझ्या घराच्या बरोबर समोर, मध्ये फक्त गल्ली, त्यामुळे ओळख वाढायला वेगळं काही करावं लागलं नाही.

डंक म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. खाली लोखंडी उखळं, वर आळीपाळीने उचलली जाणारी आणि धाडकन आदळणारी मुसळं. अक्काच्या सासरची माणसं मिरजेकडून मिरचीच्या व्यापारासाठी हुबळीला आलेली. व्यापार बुडाला, तेव्हा तिच्या नवऱ्याने हा डंक घातला. मुसळांचे दांडे अळणावरहून आणलेल्या सागाचे होते आणि पट्टा तुटला, दाता झिजला की गोकुळ रोडवरचा एक मेस्त्री येऊन बघायचा. नवरा लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. लोकांना वाटलं, बाई डंक विकून माहेरी जाईल. अक्काने तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी पट्टा चढवला.

तिच्या हाताखाली कस्तुरी नावाची बाई होती. पोरवयात कामाला आली ती तिथेच मोठी झाली. मिरची चाळायची, ओतायची, डबे भरायचे आणि प्रत्येक घाण्यानंतर मूठभर जाडं मीठ कुटून उखळ पुसून काढायचं, म्हणजे एकीची चटणी दुसरीत मिसळत नाही. कस्तुरीही पुढे अक्कासारखीच मिरची हुंगायला शिकली. दोघी समोरासमोर बसून दोन पोती हुंगत असल्या की गल्लीतून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावून जायचा.

डंकावरच्या बायकांची एक रीत होती. दिवसभर मिरचीची पूड नाकातोंडातून पोटात जायची. संध्याकाळी पट्टा उतरला की दोघी हातपाय धुवायच्या, कोनाड्यातले पितळी पेले काढायच्या आणि पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून पिऊन टाकायच्या. वर गुळाचा खडा. "आग विझवून घ्यायची," अक्का म्हणायची, "न्हाईतर सपनात सुद्धा तिखट लागतंय." अक्काच्या सासूने तिला हे शिकवलं होतं, अक्काने कस्तुरीला. माझी जळजळ व्हायची तेव्हा मलाही एक पेला मिळायचा. डंकावर या गोष्टीला कुणी औषध म्हणत नव्हतं. हात धुण्यासारखंच ते एक.

मी शाळेच्या कचेरीत हेडक्लार्क. घरी आल्यावरही हातात कागद असायचा. वाणसामान, मुलांची फी, सासूबाईंच्या गोळ्या, सगळ्याची यादी. अक्काला याची फार मजा वाटायची. "यादीवाली आली बघ," ती कस्तुरीला सांगायची. "मंदे, तुझ्या यादीत माझं मरण कितव्या नंबराला हाय?"

"अजून घातलेलं नाही."

"घाल की. मागनं घाई नको."

तेव्हा हे चेष्टेचं बोलणं होतं.

दोन हजार साल उजाडून गेल्यावर कधीतरी अक्काचा खोकला सुरू झाला. मिरचीने न खोकणारी बाई खोकायला लागली, हेच मुळात विचित्र. तिच्या पदरावर लाल डाग दिसायचे. डंकावरच्या बाईच्या पदरावर लाल डाग असणारच, त्यामुळे कुणी विचारलं नाही, आणि कुणी विचारलंच तर "चटणी हाय" हे उत्तर तयार होतं. एकदा ती माझ्या कट्ट्यावर बसली असताना खोकली आणि पदर तोंडाला लावला. पदर खाली आला तेव्हा डाग ओला होता. चटणी ओली नसते.

"अक्का, हे काय?"

"चटणी."

"माझ्याशी खोटं बोलू नकोस."

तिने तो डाग मुठीत दाबून धरला. मग म्हणाली, "कुणाला सांगू नको. लोक डंकावर यायचं सोडतील."

तरुणपणी तिला टीबी झाला होता. इंजेक्शनं घेऊन बरा झाला, पण उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक पोकळी राहिली. आता रक्त पडतंय म्हटल्यावर पहिल्या डॉक्टरांना पुन्हा टीबीच वाटला. त्याच्या गोळ्या झाल्या. थुंकीत जंतू काही सापडेनात आणि रक्त काही थांबेना. शेवटी मी तिला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉ. अंगडी नावाची तरुण बाई होती, बोलायला मऊ, पण कामात कडक. ती आणि अक्का कन्नडात बोलायच्या. मी ते इथे मराठीत लिहिते; आदराने म्हटलेलं 'अक्कार' तेवढं तसंच ठेवलंय.

डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर लावला आणि बोट ठेवलं. जुन्या पोकळीत एक गोल गोळा होता, पेटीत ठेवलेल्या सुपारीसारखा. "अक्कार, हा टीबी नाही. ही बुरशी आहे. टीबीने केलेल्या पोकळीत वाढलीय."

अक्का फोटोकडे बघत राहिली. मग तिने जे विचारलं ते मी विसरले नाही.

"मी कुणाची बुरशी माझ्या डंकात घेतली न्हाई. मग ही कुणाची?"

डॉक्टरांनी समजावलं. बुरशीचे कण हवेत सगळीकडेच असतात, धडधाकट माणसाचं त्यांनी काही बिघडत नाही. पण जुनी पोकळी असलेल्या छातीला ते चिकटतात. आणि कुजलेली मिरची मोडून नाकाला लावली तर एका श्वासात किती जातात त्याला हिशेब नाही. अक्काने ऐकून घेतलं. वाटेत रिक्षात फक्त एवढंच म्हणाली, "म्हणजे मी परत पाठवलेली सगळी पोती माझ्याच घरात येऊन बसली."

ऑपरेशन करून तो भाग काढता आला असता, पण बाकीचं फुप्फुसही जुन्या टीबीने आटलेलं, ते पेलवलं नसतं. म्हणून गोळ्या सुरू झाल्या. बुरशीवरच्या कॅप्सूल, रोज, जेवणाबरोबर, बरेच महिने. मी वेळा लिहून भिंतीवर चिकटवल्या. अक्का वेळा चुकवायची नाही. बोलायची खूप, पण गिळायची. तरीही ती खंगत गेली. दंडाची कातडी लोंबायला लागली, जिना चढून आली की बोलता यायचं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. नवा फोटो काढला तेव्हा गोळा तसाच आणि भोवतीची भिंत आणखी जाड.

डॉ. अंगडींनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

"अक्कार, गोळ्या चुकतात का?"

"ही यादीवाली चुकवू देईल काय?"

"दुसरं काही औषध? झाडपाल्याचं, मठातल्या स्वामींनी दिलेलं?"

"न्हाई." हे खरंच होतं.

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "बरं. काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सांगा. पाणीसुद्धा."

अक्का वैतागली. "आता माझ्या भाकरी पण मोजणार? सकाळी च्या. मग भाकरी आणि अंबाडीची भाजी. भाजीबरोबर गोळी, तुम्ही सांगितल्यागत. मग सोडा. मग डंकावर..."

"कसला सोडा?"

"खायचा. गोळी घेतली की पोटात जळतंय, म्हणून हल्ली जेवल्यावर पण घेते मी. संध्याकाळचा तर रोजचाच हाय, लग्न झाल्यापासनं."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं. ही कॅप्सूल पोटातल्या आंबटपणातच विरघळते. सोडा आंबटपणा मारतो. सोडा घेतला की कॅप्सूल पोटात जाते, पण रक्तात उतरत नाही. फुप्फुसापर्यंत ती जवळजवळ पोहोचलेलीच नव्हती.

"मग इतके महिने..." अक्का म्हणाली.

"मी औषधांबद्दलच विचारत राहिले," डॉक्टर म्हणाल्या. "हे विचारलं नाही."

"तुम्हाला काय ठाऊक, बाई. तुम्ही डंकावर कुठं बसलाय?" अक्काने उलट तिचीच समजूत घातली. आणि बाहेर आल्यावर, बाकावर बसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोटातली आग विझवायला गेले आणि चूलच विझवून बसले गं."

आता नुसत्या गोळ्यांवर भागणार नव्हतं. बुरशीला मध्ये फार वेळ मिळाला होता. डॉक्टरांनी दोन औषधं एकदम द्यायचं ठरवलं: शिरेतून अँफोटेरिसिन आणि तोंडाने त्याच कॅप्सूल, पण सोड्याशिवाय, लिंबाच्या सरबताबरोबर. अक्काला इस्पितळात ठेवलं. मी शाळेतून सुटले की तिकडे जायची. डबा, स्वच्छ लुगडं, नारळपाणी, केळी. शिरेतल्या औषधाने अंगातले क्षार उतरतात म्हणून नारळपाणी आणि केळी रोज.

शिरेतलं ते औषध पिवळसर होतं आणि त्याच्या बाटलीला काळा कागद गुंडाळलेला असायचा. उजेड लागला तर औषध बिघडतं म्हणून. अक्काला ते बघताक्षणी पटलं. "मिरचीचं पण तसंच. अंधारात ठेवली न्हाई तर रंग उडतो." पण औषध चढायला लागलं की थोड्याच वेळात तिला हीव भरायचं. दात एकमेकांवर आपटायचे, लोखंडी खाट हलायची. मी वरून घोंगडी दाबून धरायची. हीव ओसरलं की घामाने सगळं अंथरूण ओलं. एकदा त्या थरथरण्यातच तिने मला काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. मी कान जवळ नेला.

"डंक... लावल्यागत... वाटतंय," ती म्हणाली. "मीच उखळात."

शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं होतं, एक औषध पुरत नाही काय, दोन-दोन कशाला? डॉक्टर उत्तर द्यायच्या आधी अक्कानेच दिलं. "एकट्या ब्याडगीची चटणी केलीस तर रंग येतो, तिखट लागत न्हाई. एकट्या लवंगीची केलीस तर जीभ जळती, रंग न्हाई. चटणी दोघींची होती. ही बाटली लवंगी हाय, मारती. गोळी ब्याडगी, ती मागनं धरून ठेवती. एकीनं व्हणार असतं तर ह्या बाईनं मला कशाला हितं हलवत ठेवलं असतं?"

डॉ. अंगडी हसल्या. "याहून चांगलं मला सांगता आलं नसतं," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या हाताखालच्या पोरांना तेच सांगितलं, अक्काच्या खाटेपाशी उभं राहून. अक्का डोळे मिटून ऐकत होती. तोंडावर समाधान होतं.

आणि उतार पडला. रक्त थांबलं. थुंकी पांढरी झाली. दोन घास जास्त जाऊ लागले. औषध बंद करून घरी सोडलं तेव्हा गोळा पूर्ण गेला नव्हता, पण लहान झाला होता. गोळ्या चालू ठेवायच्या आणि एक अट पाळायची: डंकावर पाऊल टाकायचं नाही. तिथली धूळ पुन्हा छातीत गेली तर सगळं परत सुरू होईल.

तिची भाची धारवाडात केलगेरीला राहते. तळ्याजवळ घर, झाडं, मोकळी हवा. आम्ही अक्काला तिथे पाठवलं. आठवडाभरात ती बसमध्ये बसून परत आली.

"हवा चांगली न्हवती काय?"

"हवा लई चांगली हाय," ती म्हणाली. "पण वास कुठं हाय तिथं?"

मग तडजोड झाली. माझ्या कट्ट्यावर तिची खुर्ची ठेवली, गल्लीच्या या बाजूला. डंक कस्तुरीने चालवायचा आणि अक्काने इकडून बघायचं. ती तोंडावर फडकं बांधून बसायची आणि तिथून ओरडायची. पण मिरची कशी तपासणार? हुंगायचं तर नाही. पहिले दोन दिवस ती नुसती बसून राहिली. तिसऱ्या दिवशी कस्तुरीला हाक मारली, "एक मिरची आण तळातली. आणि डंक थांबव." मिरची घेतली, कानाशी नेली आणि मोडली. दुसरी मोडली. मग म्हणाली, "हिला आवाज हाय. ही वाळलीय. हिला न्हाई, हिच्यात ओल हाय. ओल हाय तिथं बुरशी येणार. नाकाला कशाला तरास?"

तेव्हापासून तिने कस्तुरीचा पिच्छा पुरवला. कस्तुरीचं नाक मिरचीकडे वळलं की गल्लीच्या पलीकडून आवाज यायचा, "कस्तुरेऽ, कानाला लाव!"

"अक्का, मला ऐकू येत न्हाई. डंक चालू हाय."

"मग बंद कर."

"रांग बघ किती हाय. बायका ओरडतील."

"ओरडू देत. ओरडून कोण मरत न्हाई. हुंगून मरतंय माणूस." आणि मग आवाज खाली आणून, माझ्याकडे वळून: "हिला कळत न्हाई बघ. हिची छाती अजून चांगली हाय. माझी गेली ती गेली. हिची तरी ऱ्हावी."

त्या उन्हाळ्यात तिला एवढीच एक गोष्ट हवी होती. स्वतःबद्दल ती काही मागायची नाही. कस्तुरीने हुंगणं सोडावं आणि तोंडाला फडकं बांधावं, बस. कस्तुरी फडकं बांधायची, अक्का दुपारी आडवी झाली की काढायची. उकडतं म्हणायची. आणि नाकाची सवय कशी जाणार? अक्काचीही जात नव्हती. मोडलेली मिरची कानाकडून खाली आणताना तिचा हात नाकापाशी क्षणभर अडखळायचा. मी बघायची.

संध्याकाळी पितळी पेले निघायचे तेव्हा अक्का आपलाही पेला मागायची. सोड्याऐवजी लिंबाचं पाणी. "पंगतीतनं उठवू नका मला," म्हणायची.

पावसाळा लागला आणि पदरावर पुन्हा ओला डाग दिसला. या वेळी तिने चटणी म्हटलं नाही. पुन्हा इस्पितळ, पुन्हा काळ्या कागदाची बाटली, पुन्हा हीव. पण चार-सहा बाटल्या गेल्या नाहीत तोच पाय सुजले, लघवी कमी झाली. रक्त तपासलं. मूत्रपिंडांना ते औषध सोसत नव्हतं. आणखी दिलं तर बुरशीआधी तीच जातील, असं डॉ. अंगडींनी मला बाहेर बोलावून सांगितलं. नवी औषधं निघाली होती म्हणे, पण आमच्यापर्यंत अजून पोहोचली नव्हती. शिरेतलं औषध थांबवावं लागलं. गोळ्या तेवढ्या चालू राहतील.

मी खाटेपाशी गेले. अक्काने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मग रिकाम्या खांबाकडे, जिथे बाटली टांगलेली असायची.

"काढली काय?"

"हो."

तिने मान उशीवर टेकवली. "आता एकटी ब्याडगी," ती म्हणाली. "नुसता रंग."

मी काहीतरी बोलायला गेले. तिने हात वर केला. "यादीत नंबर घाल आता, मंदे. चेष्टा न्हाई."

घरी आणल्यावर ती डंकामागच्या खोलीत नको म्हणून माझ्याकडे, पुढच्या खोलीत राहिली. खिडकीतून डंक दिसायचा. पावसाळ्यात आणि थंडीत एखाद-दुसरं पोतं सोडलं तर डंक बंदच असतो, तेव्हा बघण्यासारखं काही नव्हतं. ती तरी बघायची. गोळी घ्यायची, लिंबाचं पाणी प्यायची, महिन्याच्या महिन्याला हलकी होत जायची. डॉक्टर एकदा स्वतः घरी येऊन गेल्या. बराच वेळ छातीला नळी लावून ऐकत होत्या. अक्काने विचारलं, "आवाज हाय काय, बाई? का ओल हाय?" डॉक्टरांनी नळी काढून घेतली आणि अक्काचा हात हातात धरून बसल्या.

नवी मिरची बाजारात यायला लागते त्या सुमाराला, एका दुपारी, तिने मिरची मागितली. मी बाजारातून आणलेल्यातली एक दिली. ती तिच्याने मोडेना. बोटांत जोर नव्हता. मी मिरची तिच्या कानाशी धरली आणि मोडली.

"ओली हाय," ती म्हणाली. "ऊन दे अजून."

कस्तुरी दारात उभी होती. अक्काने तिला जवळ बोलावलं आणि तिच्या नाकाला हात लावला. नुसता लावला.

संक्रांत झाली आणि त्या आठवड्यात अक्का गेली. एकच मोठी उबळ आली. कस्तुरीने तिला धरलं होतं. पदर पूर्ण भिजला. या वेळी तो डाग कसला हे कुणी विचारलं नाही.

भाचीला डंकाचं काही करायचं नव्हतं. तो तिने कस्तुरीकडेच ठेवला. मार्च आला तशी मी नेहमीसारखी यादी केली, ब्याडगी, लवंगी, धणे, मीठ, डबे, फडकं, आणि मिरची घेऊन समोर गेले. रांग मोठी होती. मुसळं आदळत होती. माझी पाळी आली. कस्तुरीने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातली मिरची वर काढली आणि सवयीने नाकाकडे नेली. अर्ध्या वाटेत तिचा हात थांबला. मग मागे वळून तिने पट्टा उतरवला.

मागच्या बायका कुरकुरल्या. "काय गं हे, प्रत्येक पोत्याला डंक बंद? संध्याकाळ होईल हितंच."

"होऊ दे," कस्तुरी म्हणाली. तोंडावर फडकं होतं, त्यामुळे आवाज दबका आला.

मुसळं एकेक करून थांबली. गल्लीत अगदी शांत झालं. तिने मिरची कानाशी धरली आणि मोडली.